आधी जोड्या तपासा: राज्य प्राणी कल्याण मंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र राज्य प्राणी कल्याण मंडळ

विषय: चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं प्रजनन, त्यांच्या नाकपुड्यांची शस्त्रक्रिया आणि श्वान प्रजननाच्या २०१७ च्या नियमांची अंमलबजावणी

महोदय,

या पत्राला कारण झाला एक फोन. आमच्या पगचं, गोट्याचं, नाकपुड्या रुंद करायचं ऑपरेशन झालं. टाके विरघळल्यावर मुलीने त्याचे फोटो टाकले आणि दोनच दिवसांनी एका ब्रीडरचा मला फोन आला. मला वाटलं, तब्येत विचारतोय. तो म्हणाला, "नाक एकदम ओपन दिसतंय साहेब. आमच्या फीमेलसोबत मेटिंग करून टाकू. एक पिल्लू तुमचं." मी म्हटलं, "अहो, हे नाक डॉक्टरांनी उघडलंय, जन्मतः असं नव्हतं." त्यावर तो अगदी सहज म्हणाला, "ते पिल्लू घेणाऱ्याला कुठं कळणार?"

त्याचं नाव मी इथे देणार नाही, कारण तो एकटा नाही आणि तो खोटंही बोलत नव्हता. पिल्लू घेणाऱ्याला खरंच काही कळत नाही. कळावं अशी व्यवस्था करण्याचं काम कायद्याने तुमच्या मंडळाकडे दिलेलं आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला. ते खुलं ठेवलं आहे, कारण राज्यात माझ्यासारखे पुष्कळ लोक आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना आपल्या कुत्र्याला श्वास पुरत नाही हेच ठाऊक नाही.

गोट्या आमच्याकडे आला तो ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याकडून. त्यांची बंगळुरूला बदली झाली. विमानात न्यावं तर चपट्या तोंडाची कुत्री आम्ही सामानकक्षातून नेत नाही, असं उत्तर मिळालं. (जगभरातल्या कितीतरी विमान कंपन्यांचा हाच नियम आहे, आणि तो उगाच नाही. अशी कुत्री वाटेत दगावतात.) रेल्वेत पहिल्या वर्गाचं अख्खं कूपे घ्या, नाहीतर कुत्रं गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवा. मे महिन्यात त्या पेटीत पग ठेवायचा म्हणजे काय, हे अकोल्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यांनी तो आमच्याकडे ठेवला आणि तो आमचाच झाला.

तो घोरायचा. सगळे हसायचे. शेजारचे काका म्हणायचे, "पग हाय तो, घोरनारच. मस्त झोपलं हाये लेकरू." पण तो मस्त झोपलेला नसायचा. बसल्या बसल्या मान वर करून झोपायचा, डोकं कललं की दचकून जागा व्हायचा. रबरी हाडूक तोंडात धरून झोपायची त्याला सवय होती. ती सवयही आम्हाला गोड वाटायची. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की तोंड उघडं राहावं म्हणून तो हाडूक धरत होता, कारण नाकाने त्याला झोपेत श्वास घेताच येत नव्हता. जिन्याच्या अर्ध्यावर तो बसून जायचा. जेवल्यावर फेस ओकायचा. उन्हाळ्यात त्याची जीभ जांभळट पडायची. इंग्लंडमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या कुत्र्यांना श्वासाचा उघड त्रास होता अशा मालकांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी "आमच्या कुत्र्याला श्वासाचा काही त्रास नाही" असंच सांगितलं होतं. घोरणं, धापा टाकणं हा त्या जातीचा स्वभावच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं आहे. इथल्या पहिल्या डॉक्टरांनीही आम्हाला "पगला असंच असतं" म्हणून परत पाठवलं होतं.

आता हे असं का असतं, ते थोडं सविस्तर लिहितो. मंडळातल्या पशुवैद्यकांना ते शिकवायची गरज नाही, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांना आहे.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. त्याच्या नाकात हाडांच्या पातळ, ओलसर गुंडाळ्या असतात. त्यांवरून हवा गेली की रक्त थंड होतं. माणसाने पिढ्यान्पिढ्या निवड करून पगची, फ्रेंच बुलडॉगची, शिह त्झूची कवटी पुढून आखूड केली. हाड आखूड झालं, पण आतलं मांस त्या मानाने कमी झालं नाही. तेवढाच ऐवज लहान जागेत कोंबला गेला. नाकाच्या गुंडाळ्या हवेच्या वाटेतच वाढल्या, टाळूचा मागचा मऊ पडदा लांब पडून घशात लोंबू लागला आणि नाकपुड्या आत मिटल्या. चांगल्या नाकपुडीचा आकार स्वल्पविरामासारखा असतो. गोट्याच्या नाकपुड्या म्हणजे दोन उभ्या रेघा होत्या. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर त्यातून वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध सोळा पट होतो, हे शाळेत भौतिकशास्त्र शिकलेल्या कुणालाही पडताळून पाहता येईल.

आणि प्रकरण नाकपुडीवर थांबत नाही. हवा आत खेचायला कुत्र्याला दर श्वासाला जोर लावावा लागतो. त्या ओढीने घशातले मऊ भाग आत खेचले जातात, सुजतात, स्वरयंत्राजवळच्या लहान पिशव्या उलट्या होऊन बाहेर येतात, आणि वर्षानुवर्षं हे चालू राहिलं तर स्वरयंत्राची कूर्चा मऊ पडून ते आत कोसळू लागतं. त्या अवस्थेत सर्जनच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणून नाकपुड्या लवकर, कुत्रं वर्षाचं होईपर्यंतच उघडून घ्याव्यात, असं जाणकार सांगतात. पुष्कळदा नसबंदीच्या वेळीच, एकाच भुलीत हे काम उरकता येतं.

शस्त्रक्रिया काही नवी नाही. नाकपुडीच्या कडेची घडी कापून वाट मोकळी करायची एक पद्धत ट्रेडर नावाच्या अमेरिकी पशुवैद्यकाने १९४९ मध्येच लिहून ठेवली आहे. आज कुणी पाचरीसारखा तुकडा कापून टाके घालतं, कुणी लेझर वापरतं. कापणं थोडक्यात होतं. खरी कसोटी भुलीची. आधी ऑक्सिजन द्यायचा, आणि शस्त्रक्रिया झाल्यावर श्वासाची नळी घाईने काढायची नाही. कुत्रं पूर्ण जागं होऊन, गिळायला लागून, नळी स्वतःच नकोशी करेपर्यंत ती ठेवायची आणि त्यानंतरही कितीतरी वेळ कुणीतरी डोळ्यांत तेल घालून शेजारी बसायचं. टाळूचा पडदाही कापायचा असेल तर सुजेचा आणि फुफ्फुसात अन्न जाण्याचा धोका वाढतो. लहान गावातले डॉक्टर हे काम टाळतात त्याचं कारण हे, आणि त्यांना मी दोष देणार नाही. आम्ही गोट्याला थंडीच्या दिवसांत गाडीने पुण्याला नेलं. खर्च माझ्या एका पगाराच्या घरात गेला. तो आता जिना चढतो आणि आडवा होऊन झोपतो. डॉक्टरांनी निघताना स्पष्ट सांगितलं होतं, "वाट मोकळी केली आहे, कुत्रं बदललेलं नाही. आतल्या गुंडाळ्या तशाच आहेत. उन्हात नेऊ नका." आणि नसबंदी करून घ्या, हेही. तीही आम्ही करून घेतली आहे, म्हणजे त्या फोनवाल्याला माझ्याकडून पिल्लू मिळायचा प्रश्नच नव्हता. पण तसं न केलेले, ऑपरेशन झालेले किती नर आज 'स्टड' म्हणून, म्हणजे मेटिंगसाठी, फिरत असतील?

माझी तक्रार इथून सुरू होते.

चाकूने नाक उघडतं, वंश बदलत नाही. ऑपरेशन झालेला नर दिसायला मोकळ्या नाकाचा, पण त्याची पिल्लं त्याच्या जन्माच्या नाकाची. ज्या शस्त्रक्रियेने एका कुत्र्याचा जीव सुखावला तीच, नोंद नसली तर, पुढच्या दहा पिल्लांचा दोष झाकायचं साधन होते. आज महाराष्ट्रात असं कोणतंही दप्तर मला दिसत नाही जिथे 'या कुत्र्याचं नाक शस्त्रक्रियेने उघडलेलं आहे' ही एक ओळ लिहिलेली सापडेल.

दुसरी तक्रार नियमांची. २०१७ च्या मे महिन्यात केंद्राने श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम काढले. ब्रीडरने राज्य मंडळाकडे नोंदणी करायची, कुत्र्यांना मायक्रोचिप लावायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, मादीला अठरा महिन्यांच्या आधी लावायचं नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत नको, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नकोत, नोंदवह्या ठेवायच्या, तपासणीला दार उघडं ठेवायचं. २०१८ मध्ये पेट शॉपचे नियम आले. कागदावर यातलं बरंच चांगलं आहे. आता तुमच्यापैकी कुणीही संध्याकाळी मोबाइल उघडून 'पग पिल्लू' एवढंच शोधून पाहा. 'पंच फेस', 'फुल फ्लॅट', 'हेवी रिंकल', 'घरपोच मिळेल' अशा जाहिराती रांगेने येतील. नोंदणी क्रमांक शोधत बसा. 'पंच फेस' म्हणजे ठोसा बसून आत गेल्यासारखं तोंड. जितकं तोंड आत, तितका भाव वर. जो दोष म्हणून डॉक्टर कापतात तोच गुण म्हणून विकला जातोय, आणि तोही उघड्यावर.

हा बाजार एका दिवसात उभा राहिला नाही, पण त्याला धक्का कधी बसला ते सगळ्यांना आठवतं. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग एका मुलाच्या मागे मागे फिरला आणि बघता बघता देशभर पगची मागणी उसळली. ती जाहिरात गोड होती, मलाही आवडायची. पण मागणी वाढली की पुरवठा करणाऱ्यांना कुणीतरी विचारायला हवं होतं की माल कुठून आणि कसा येतोय. आता पगची जागा हळूहळू फ्रेंच बुलडॉग घेतो आहे. अमेरिकेत २०२२ च्या नोंदणीत त्याने एकतीस वर्षं पहिल्या असलेल्या लॅब्रेडॉरला मागे टाकलं. तिकडची लाट इकडे यायला हल्ली रील पुरते.

तिसरी गोष्ट हवामानाची, आणि ती मी विदर्भातला म्हणून जरा जास्त बोलेन. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला आणि उन्हामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी जमावबंदीचे आदेश काढले. माणसांनी एकत्र जमू नये असं शासनाला वाटलं, ते योग्यच होतं. त्याच सुमारास याच पट्ट्यात तारेच्या पिंजऱ्यात, पत्र्याच्या शेडखाली, धापा टाकायलाही नाक नसलेली पिल्लं विकली जात होती. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पगला श्वासमार्ग अडण्याच्या या विकाराचा धोका इतर कुत्र्यांच्या तुलनेत सुमारे ५४ पट आढळला. तो आकडा इंग्लंडच्या हवेतला आहे. चंद्रपूर, अकोला, जळगावच्या हवेत काय होत असेल, याचा विचार तुम्हीच करा.

चौथी तक्रार थोडक्यात. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ 'हिंस्र' जातींची यादी काढून त्यांच्या विक्री-प्रजननावर बंदी घालायला राज्यांना सांगितलं. ते पत्रक कर्नाटक उच्च न्यायालयात टिकलं नाही, तो भाग वेगळा. पण माणसाला चावेल अशा कुत्र्याची यादी करायला सरकारला वेळ मिळतो, आणि माणसाच्या हौसेपायी ज्याला श्वास घेता येत नाही अशा कुत्र्याचा साधा उल्लेखही कुठे होत नाही, हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही. प्राण्यांवरची क्रूरता रोखण्याच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. एका 'पंच फेस' पिल्लाच्या नफ्यात असे किती दंड भरता येतील?

"मग काय पगवर बंदी घालायची?" असं मला घरातच विचारलं गेलं. मी बंदी मागत नाही. ज्यांच्या घरात ही कुत्री आहेत त्यांच्या दारात कुणी तपासनीस उभा करावा, असंही नाही. नॉर्वेत २०२२ च्या जानेवारीत ऑस्लोच्या न्यायालयाने इंग्लिश बुलडॉगचं प्रजनन बेकायदा ठरवलं आणि त्याच वर्षी वरच्या न्यायालयाने बुलडॉगपुरता तो निकाल फिरवला. सरसकट बंदी कोर्टात कशी हेलकावे खाते ते त्यातून दिसतं. मला नेदरलँड्सचा रस्ता जास्त पटतो. तिथे २०१९ पासून जात न बघता कुत्रं बघतात. नाकाची लांबी कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून कमी असेल, नाकपुड्या मिटलेल्या असतील, स्वस्थ बसलेलं असतानाही श्वासाचा आवाज येत असेल, तर त्या कुत्र्यापासून पिल्लं काढायची नाहीत. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठ आणि तिथल्या केनेल क्लबने (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) २०१९ मध्ये एक चाचणी सुरू केली. डॉक्टर स्टेथोस्कोपने श्वास ऐकतात, कुत्र्याला तीन मिनिटं भरभर चालवतात, पुन्हा ऐकतात, आणि शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. सीटी स्कॅन नाही, महागडं यंत्र नाही. स्टेथोस्कोप आपल्या प्रत्येक तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात आहे आणि तीन मिनिटं चालायला अंगणही आहे.

म्हणून मागण्या अशा:

१. चपट्या नाकाच्या जातींत प्रजननापूर्वीच्या आरोग्य दाखल्यात नाकपुड्यांची तपासणी आणि चालवून केलेली श्वासाची तपासणी मंडळाने सक्तीची करावी. नाकपुड्या मध्यम किंवा जास्त मिटलेल्या असतील, तर त्या नराला वा मादीला लावता येणार नाही, असं स्पष्ट लिहावं. जोडी तपासल्याशिवाय जोडी नाही.

२. नाकपुड्यांची वा टाळूची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद त्याच्या मायक्रोचिप क्रमांकावर व्हावी आणि तो कायमचा प्रजननातून बाद व्हावा. शस्त्रक्रियेबरोबरच नसबंदीचा सल्ला देण्याच्या सूचना सर्व पशुवैद्यकांना जाव्यात. राज्य पशुवैद्यक परिषदेला यात सोबत घ्या.

३. नोंदणीकृत ब्रीडर आणि पेट शॉप यांची जिल्हावार यादी मराठीत, सगळ्यांना दिसेल अशी प्रसिद्ध करा आणि दर तिमाहीला ती ताजी करा. जाहिरातीत नोंदणी क्रमांक नसेल तर ती काढायला लावा. हे एक काम झालं तरी बाकीची निम्मी सोपी होतील, कारण मग पिल्लू घेणाऱ्यालाच विचारता येईल, "तुमचा नंबर सांगा."

४. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला इथे पशुवैद्यकीय शिक्षणाच्या सरकारी संस्था आहेत. दर हिवाळ्यात तिथे या शस्त्रक्रियेची शिबिरं ठरलेल्या दराने घ्यावीत, अशी विनंती मंडळाने महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाला करावी. त्याच शिबिरांत आसपासच्या तालुक्यांतल्या डॉक्टरांना या कुत्र्यांच्या भुलीचं प्रशिक्षण द्यावं. गरीब घरातला पगही कुणाच्या तरी लाडाचा असतो, आणि पुण्या-मुंबईची वारी सगळ्यांना परवडत नाही.

५. एप्रिल ते जून या काळात विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात चपट्या नाकाच्या पिल्लांची वाहतूक आणि दुकानात मांडणी बंद ठेवावी.

६. दहा ते पन्नास रुपयांचा दंड बदलण्यासाठी आणि प्रजननाच्या नियमांत श्वासाची चाचणी घालण्यासाठी केंद्राकडे लेखी शिफारस करावी. तुमच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी तुम्हाला दोष देणार नाही, पण शिफारस तुमच्या हातात आहे.

केनेल क्लब, डॉग शो भरवणारे आणि ब्रीडर यांनीही हे वाचावं. तुमच्यात कष्टाने, नीट काम करणारे लोक आहेत, त्यांना मी भेटलो आहे. त्यांतल्या एकाने मला सांगितलं की थोडं लांब नाक असलेला, दमदार पग त्याच्याकडे आहे, पण गिऱ्हाईक त्याला 'ओरिजिनल नाही' म्हणून परत देतं. अशा माणसाला नियमाचा आधार हवा आहे. शोमध्ये बक्षीस देण्याआधी परीक्षकांनी कुत्र्याला तीन मिनिटं चालवून त्याचा श्वास ऐकला, तर बाजार आपोआप बदलायला लागेल.

आणि घरी पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग असणाऱ्यांना एवढंच सांगायचं: आज रात्री तो झोपला की त्याच्याजवळ बसा आणि नाकपुड्या बघा. आत ओढल्या जात असतील, तो बसून झोपत असेल, तर उन्हाळ्याची वाट न बघता ही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, आणि त्याच्यापासून पिल्लं काढू नका.

मंडळाकडून मला वैयक्तिक उत्तर नको. या सहा मागण्यांपैकी कोणत्या करणार, कोणत्या नाही आणि का नाही, हे मार्चअखेरच्या आत जाहीर करा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात पिल्लू घ्यायला निघालेल्या माणसाला ते वाचता येईल.

आपला,
एक श्वानपालक, अकोला